सुटी गोळी आणि मंदावणारा श्वास

फेंटानिल हे नाव आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येते ते बहुतेक वेळा आयातशुल्काच्या बातमीत. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने चीन, कॅनडा आणि मेक्सिकोवर जादा शुल्क लादले, तेव्हा त्यामागचे एक कारण म्हणून या औषधाचे नाव घेतले गेले आणि जळगाव-धुळ्याच्या वाचकाने ते परक्या देशांचे भांडण समजून पान उलटले. मी अमळनेरला औषधांचे दुकान चालवते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी घरांतली मुले आज टेक्सास, न्यू जर्सी, ओहायो अशा ठिकाणी शिकत आहेत. त्यांतली काही गावातल्या नोकरदारांची आहेत आणि काही अशा शेतकऱ्यांची, ज्यांनी मुलाच्या एम. एस.साठी बँकेकडे जमिनीची कागदपत्रे ठेवली आहेत. या आईवडिलांना मुलाच्या विद्यापीठाचे नाव पाठ असते, तिथल्या थंडीची काळजी असते, बंदुकींच्या बातम्यांनी त्यांची झोप उडते. परंतु ज्या गोष्टीने तिथे तरुण माणसे सर्वाधिक संख्येने मेली, तिच्याविषयी घरात एकदाही बोलणे झालेले नसते. म्हणून हे लिहीत आहे.

आधी हे स्पष्ट केले पाहिजे की फेंटानिल हे मुळात विष म्हणून जन्माला आलेले नाही. ते अफूच्या जातीचे वेदनाशामक औषध आहे, आणि फार उपयोगाचे औषध आहे. बेल्जियममधील पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास ते तयार केले, आणि तेव्हापासून जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ते वापरले जाते. आपल्यापैकी ज्यांचे हृदयाचे किंवा पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांच्यातील अनेकांना भूल देताना ते दिले गेले असेल आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. मॉर्फिनच्या तुलनेत ते सुमारे शंभर पट आणि हेरॉइनच्या तुलनेत सुमारे पन्नास पट तीव्र आहे. भूलतज्ज्ञ जी २ मिलिलिटरची अँप्युल फोडतात, तिच्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा, जिला डीईए म्हणतात, २ मिलिग्रॅम फेंटानिल हे सवय नसलेल्या माणसाचा जीव घेऊ शकणारे प्रमाण मानते. माझ्या दुकानात रोज विकल्या जाणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या गोळीचे अडीचशे तुकडे करता आले, तर त्यांतल्या एका तुकड्याचे वजन जवळपास तेवढे भरेल. तो तुकडा बोटाच्या टोकावर घेतला तरी धड दिसणार नाही.

शस्त्रक्रियागृहात तेच औषध सुरक्षित का असते, याचे उत्तर औषधात नसून भोवतालच्या माणसांत आहे. तिथे रुग्णाच्या उशाशी भूलतज्ज्ञ बसलेले असतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावलेले असते, आणि श्वास मंदावला तर तो चालवण्याची सोय तयार असते. कारण फेंटानिल नेमके श्वासावर जाते. एरवी आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या तळाशी असलेले केंद्र आपल्याला श्वास घ्यायला भाग पाडते. आपण झोपेत असलो तरी ते काम थांबत नाही. अफूच्या जातीची सगळी औषधे या केंद्राला सुस्त करतात. फेंटानिल चरबीत सहज विरघळत असल्यामुळे ते मेंदूत फार लवकर पोहोचते, आणि मग त्या माणसाला आपला श्वास कमी होत आहे याची जाणीवच होत नाही. तो गुदमरून तडफडत नाही, हाक मारत नाही, दार वाजवत नाही. शेजारच्या खाटेवरच्या मित्राला वाटते की दमून झोपला आहे आणि घोरतो आहे. हे घोरणे म्हणजे कित्येकदा अर्धवट बंद झालेल्या घशातून ओढला जाणारा शेवटचा श्वास असतो. या एका गैरसमजाने किती जीव गेले असतील, याचा विचार करवत नाही.

अमेरिकेतील मृत्यूंचे आकडे मी मुद्दाम देते, कारण त्याशिवाय या संकटाचा आकार लक्षात येत नाही. २०२२ या एका वर्षात तिथे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतील सुमारे ७४ हजार मृत्यूंमध्ये फेंटानिल किंवा त्याच्यासारखी कृत्रिम रसायने आढळली. २०२४ मध्ये हा आकडा बराच खाली आला, एकूण सुमारे ८० हजार आणि फेंटानिलच्या वर्गातील सुमारे ४८ हजार. उतरलेला हा आकडाही एखाद्या युद्धाचा वाटावा असाच आहे. यांत जुने व्यसनी होते, तसेच एकच गोळी घेतलेली शाळकरी मुलेही होती. २०१६ मध्ये प्रिन्स हा जगप्रसिद्ध गायक मिनेसोटातील आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. त्याच्याकडच्या गोळ्या दिसायला वेदनाशामकाच्या होत्या, परंतु त्या बनावट होत्या आणि त्यांत फेंटानिल होते. आपण काय घेत आहोत हे त्याला माहीत असल्याचा कोणताही पुरावा तपासात मिळाला नाही. ज्याच्या दाराशी जगातले कोणतेही डॉक्टर उभे राहिले असते, त्यालाही खरी आणि खोटी गोळी ओळखता आली नाही.

या बनावट गोळ्या गुप्त कारखान्यांत, मुख्यतः मेक्सिकोतील टोळ्यांकडून बनवल्या जातात. रंग, आकार, गोळीवर उमटवलेली अक्षरे हुबेहूब खऱ्यासारखी असतात. झोपेची गोळी, वेदनाशामक, चिंता कमी करणारी गोळी, अभ्यासात लक्ष लागावे म्हणून घेतली जाणारी अ‍ॅडरॉलची गोळी, अशा कोणत्याही रूपात ती येते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून घरपोच मिळते. डीईएच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी दर १० मधल्या ७ गोळ्यांत जीवघेणे प्रमाण सापडले होते. उरलेल्या ३ मध्ये का नव्हते, तर कोणी काळजी घेतली म्हणून नव्हे. कळण्याच्या भाकरीच्या पिठात मीठ नीट मिसळले नाही तर एक भाकरी अळणी होते आणि दुसरी तोंडात धरवत नाही. तसेच इथे होते, फरक इतकाच की हा खडा मिलिग्रॅमचा असतो. म्हणूनच ‘माझ्या मित्राने याच पुडीतली घेतली होती, त्याला काही झाले नाही’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. २०२२ च्या मे महिन्यात, परीक्षांच्या दिवसांत, ओहायो स्टेट विद्यापीठातील दोन विद्यार्थिनींचा फेंटानिलने मृत्यू झाला, आणि शहराच्या आरोग्य विभागाने बनावट अ‍ॅडरॉलच्या गोळ्यांविषयी त्याच वेळी जाहीर इशारा दिला. त्या मुलींचे वय आपल्याकडून जाणाऱ्या मुलामुलींच्याच वयाचे होते.

आता मला ज्यासाठी हे लिहावेसे वाटले त्या मुद्द्याकडे येते. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या दुकानात पालक याद्या घेऊन येतात. ताप, सर्दी, अ‍ॅसिडिटी, जुलाब, दाढदुखी, अंगदुखी अशा सगळ्यांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पिशवीत भरली जातात, आणि वडील प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून घेतात की ही कशासाठी. एकदा सुट्टीत परत आलेला एक मुलगा मला सहज म्हणाला, ‘ताई, तिकडे दुकानातून गोळ्या घेतल्या तर पाकीट मिळत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत सुट्या गोळ्या घालून देतात.’ ते खरे आहे. तिथला औषधविक्रेता डॉक्टरांनी लिहिल्याइतक्या गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरतो आणि वर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावतो. त्या मुलाच्या बोलण्यावर मी नंतर बराच विचार केला. आपल्याकडच्या माणसाला औषध खरे की खोटे हे पाहण्याची जी एकमेव सवय आहे ती पाकिटाची आहे. पाकिटावर नाव, कंपनी, बॅच क्रमांक, मुदत, किंमत असते, आणि ते फोडून गोळी काढावी लागते. ही खूण अमेरिकेत पाऊल ठेवताच नाहीशी होते. तिथे खरी गोळीही सुटीच असते, आणि म्हणून खोलीतल्या मित्राच्या तळहातावरची सुटी गोळी आपल्या मुलाला संशयास्पद वाटत नाही.

त्यात दुसरी सवय मिसळते, आणि ती आपली स्वतःची आहे. खान्देशात औषध मागून घेण्यात कोणालाच संकोच वाटत नाही. कंबर दुखली तर शेजारच्या मावशींकडे उरलेली गोळी असते, झोप लागत नसेल तर जिभाऊंच्या गोळ्यांतली अर्धी चालते, आणि माझ्याकडे येऊनही लोक ‘परवा त्याला दिली होती तीच द्या’ असे म्हणतात. ही माया आहे, हे मी जाणते. तीच माया घेऊन मुलगा परदेशी जातो. तिथे डॉक्टरांची वेळ लगेच मिळत नाही, विमा असला तरी पदरचा खर्च होतोच, अर्धवेळ नोकरीत आठ-आठ तास उभे राहून पाठ धरलेली असते, घरून नेलेली पिशवी डिसेंबरपर्यंत संपलेली असते, आणि खोलीतला कोणीतरी म्हणतो, हे घे, बरे वाटेल. व्यसनाचा यात संबंधही नसतो. आईवडील मुलाला ‘वाईट संगत धरू नकोस’ असे सांगतात, आणि मुलगा ते मनापासून पाळतो, कारण गोळी देणारा त्याच्या दृष्टीने वाईट संगत नसतोच. म्हणून माझी विनंती आहे की मुलाला व्यसनाविषयी उपदेश करण्याआधी हे एक वाक्य सांगावे: तुझ्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून आलेली गोळी, कोणीही दिली तरी, तोंडात घालायची नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असू शकतो. त्यालाही ती कुठून आली हे माहीत नसते.

हे सगळे परदेशातलेच आहे, असेही मानून चालणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने इंदूरमधील एका बेकायदा प्रयोगशाळेवर छापा घालून सुमारे ९ किलो फेंटानिल जप्त केले, आणि त्या प्रकरणात मेक्सिकोचा एक नागरिकही पकडला गेला. इंदूर आपल्याला किती जवळ आहे हे शिरपूरच्या माणसाला सांगायला नको. सेंधव्याहून घाट उतरला की पळासनेर लागते. दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने ९ किलो म्हणजे ४५ लाख जीवघेण्या मात्रा होतात, आणि २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची सगळी लोकसंख्या सुमारे ४२ लाख होती. जानेवारी २०२५ मध्ये सुरतमधील दोन रसायन कंपन्यांवर फेंटानिल बनवण्यासाठी लागणारी रसायने पाठवल्याचा आरोप ठेवून अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीतील अमेरिकी दूतावासाने अशाच रसायनांच्या तस्करीशी संबंध असल्याच्या कारणावरून काही भारतीय उद्योजकांचे व्हिसा रद्द केले. उत्तरेला इंदूर आणि पश्चिमेला तापीच्या मुखाशी सुरत, यांच्या मधोमध आपला प्रदेश आहे.

आपल्या गल्ल्यांत फेंटानिल विकले जाते, असा दावा मी करत नाही. आपल्या भागातले दुखणे वेगळे आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. मालेगाव-धुळ्याकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात, ती बहुतेक वेळा अल्प्राझोलमसारखी चिंता आणि झोपेसाठीची साधी गोळी असते. तिच्यासोबत कोडीन असलेली खोकल्याची बाटली, ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल अशी औषधे नशेसाठी घेतली जातात. ट्रामाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आणले गेले. टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी पाठवले जात असल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. एका औषधावर बंदी आली की बाजार दुसऱ्याकडे वळतो, आणि जिथे अफूवर्गातील औषध, झोपेची गोळी आणि दारू एकत्र घेण्याची सवय आधीच आहे, तिथे फेंटानिलला फक्त पोहोचायचे बाकी असते. ही तीनही श्वासाच्या त्याच केंद्रावर एकमेकांचा जोर वाढवतात. म्हणून कुत्ता गोळी आणि दारू यांना ‘किरकोळ नशा’ म्हणण्याची पद्धत मला अत्यंत धोकादायक वाटते. आपल्या कायद्यानेही फेंटानिलची तीव्रता ओळखलेली आहे. शिक्षा ठरवताना हेरॉइनचे अल्प प्रमाण ५ ग्रॅमपर्यंत धरले जाते, तर फेंटानिलचे ०.००५ ग्रॅम, म्हणजे हजार पटींनी कमी.

फेंटानिल खान्देशातल्या घरांत कायदेशीर मार्गानेही येते, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला वेदना असह्य झाल्या की मुंबईचे किंवा नाशिकचे डॉक्टर त्वचेवर चिकटवण्याचा पॅच देतात. एक पॅच साधारण ७२ तास राहतो आणि त्यातून औषध कातडीवाटे थोडे थोडे शरीरात जाते. ज्या रुग्णाला अफूवर्गातील औषधाची सवय झालेली आहे त्यालाच तो द्यायचा असतो. पारोळ्याकडच्या एका गावात अशाच एका आजींना पाहायला मी मे महिन्यात गेले होते, कारण त्यांच्या सूनबाईंनी फोनवर विचारले होते की दुखणे वाढले आहे तर पॅच अर्धा कापून आणखी लावू का. पत्र्याच्या घरात आजी खाटेवर पडल्या होत्या, दुपारचे ऊन भिंतीतून आत येत होते, आणि पाठीखाली शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी ठेवलेली होती. आतल्या दाराच्या चौकटीला, गुडघ्याइतक्या उंचीवर, वापरून झालेला पॅच चिकटवलेला होता. कुठे टाकावा हे कळले नाही म्हणून सूनबाईंनी तो तिथे लावून ठेवला होता, आणि घरात नुकते उभे राहू लागलेले मूल चौकट धरून चालत होते.

त्या घराचा यात काहीही दोष नव्हता. त्यांना पॅच हातात देताना या गोष्टी सांगायला कोणाला वेळ झाला नव्हता. सांगायचे होते ते असे की उष्णतेने पॅचमधील औषध अधिक वेगाने शरीरात जाते. त्यामुळे गरम पिशवी, शेकोटी, विजेची उबदार गादी यांपासून रुग्णाला दूर ठेवावे लागते आणि ताप चढला तर डॉक्टरांना लगेच कळवावे लागते. भुसावळ-जळगावकडे जिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे रुग्णाची खाट सावलीत आणि वाऱ्यावर असणे हा औषधोपचाराचाच भाग आहे. पॅच कधीही कापू नये, आणि जुना काढल्याशिवाय नवा लावू नये. तीन दिवस वापरलेल्या पॅचमध्येही एखाद्या लहान मुलाचा जीव जाईल इतके औषध शिल्लक असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये इशारा दिला तेव्हा मुले चुकून पॅचच्या संपर्कात आल्याची २६ प्रकरणे त्यांच्याकडे नोंदली गेली होती, त्यांत १० मुले दगावली होती, आणि बहुतेक मुले दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडावा. तो ज्या केंद्रातून मिळाला त्यांनी परत मागितला असेल तर जपून परत द्यावा, अन्यथा शौचालयात टाकून पाणी सोडावे. उकिरड्यावर किंवा अंगणातल्या केराच्या टोपलीत तो जाता कामा नये.

हे वाचून कोणी घरच्या रुग्णाचा पॅच काढून टाकील, अशी मला मनापासून भीती वाटते, म्हणून हेही तितक्याच जोराने लिहिते: डॉक्टरांनी वेदनेसाठी दिलेले अफूवर्गातील औषध घाबरून बंद करू नका. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्या देशात मॉर्फिन मिळणेच दुरापास्त झाले होते, आणि असंख्य कर्करुग्ण विव्हळत गेले. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन आणि फेंटानिलसह काही औषधांना अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांचा मार्ग मोकळा झाला. तरीही आमच्या भागात आजही एखाद्या आजोबांना ते मिळावे म्हणून मुलाला रेल्वेने मुंबई गाठावी लागते. भीतीने औषध नाकारणे आणि अज्ञानाने ते चौकटीला चिकटवणे, या दोन्हींचे मूळ माहिती नसणे हेच आहे.

भीतीचाच आणखी एक प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो. नोटेवर फेंटानिलची पावडर लावलेली असते, तिला नुसते बोट लागले तरी माणूस मरतो, असे संदेश मला किती तरी जणांनी पाठवले आहेत. पावडरला ओझरता स्पर्श झाल्याने अतिमात्रा होत नाही, असे अमेरिकेतील विषशास्त्रज्ञांच्या दोन संघटनांनी २०१७ मध्येच संयुक्तपणे स्पष्ट केले आहे. पॅच कातडीतून काम करतो तो त्याच्या विशिष्ट रचनेमुळे, आणि तासन्‌तास चिकटून राहिल्यामुळे. हा खुलासा मी करते कारण या अफवेने माणसे मदत करायला घाबरतात. बेशुद्ध पडलेल्या मुलाला हात लावू नका, असा संदेश पसरला तर तो गोळीइतकाच जीवघेणा ठरेल.

हात लावायचाच आहे, आणि लगेच लावायचा आहे. माणूस हाका मारून, हलवून, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोरात चोळूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ असेल किंवा थांबत असेल, घशातून घरघर येत असेल, ओठ व नखे निळसर किंवा राखाडी पडली असतील आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ही अतिमात्रा आहे असे धरावे. इथे १०८ किंवा ११२ आणि अमेरिकेत ९११ ला फोन करावा. अंगावर थंड पाणी ओतणे, लिंबूपाणी पाजणे, चालवत ठेवणे यांत वेळ घालवू नये. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घातले तर ते श्वासनलिकेत जाते. डोके मागे करून, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांनी एक याप्रमाणे तोंडाने श्वास द्यावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे आणि मदत येईपर्यंत त्याला एकटे सोडू नये.

याला उतारा आहे, आणि तो प्रभावी आहे. नॅलॉक्सोन हे औषध, मेंदूतील ज्या जागांवर फेंटानिल जाऊन बसते तिथून त्याला हटवते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. आपल्याकडे ते रुग्णालयांत इंजेक्शनच्या रूपात असते. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा ४ मिलिग्रॅमचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, आणि मृत्यू कमी होण्यामागे त्याच्या प्रसाराचा वाटा असल्याचे तिथले तज्ज्ञ मानतात. ज्याला फेंटानिल दिलेच गेलेले नाही त्याला चुकून फवारा दिला तरी अपाय होत नाही, त्यामुळे खात्री होण्याची वाट पाहायची नाही. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत द्यायचा. त्याचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो आणि फेंटानिल त्याहून अधिक वेळ अंगात राहू शकते, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णालयात नेणे टाळायचे नाही.

फोन केला तर पोलीस येतील, व्हिसा जाईल, आईवडिलांना कळेल, या विचारात मुले मोलाची मिनिटे घालवतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मदतीसाठी फोन करणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे आहेत, आणि त्यांची व्याप्ती राज्यागणिक वेगळी असल्याने मुलाने आपल्या राज्याचा नियम जाण्यापूर्वीच वाचून ठेवावा. आईवडिलांनी मात्र एक गोष्ट आजच सांगून टाकावी की असा फोन केलास तर घरून तुला एक शब्दही ऐकावा लागणार नाही. आपल्याकडेही अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ नुसार, स्वतःहून उपचार घ्यायला पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळू शकते. हे कलम आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांना ठाऊकच नाही, आणि मुलाला लपवण्यात वर्षे जातात. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे आणि अमली पदार्थांविषयी माहिती देण्यासाठी किंवा मदतीसाठी १९३३.

या हंगामात जी मुले जाणार आहेत, त्यांच्या पालकांना मी औषधांच्या यादीखाली एक ओळ लिहून देते: पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाऊन नॅलॉक्सोनचा फवारा मागणे. अनेक विद्यापीठे तो मोफत देतात आणि वापरायलाही शिकवतात. तो स्वतःसाठी नसतो, कारण बेशुद्ध माणूस स्वतःला फवारा देऊ शकत नाही. त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाला तो कुठे आहे हे माहीत असावे, आणि तो बॅगेत कुलपाखाली न ठेवता स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ किंवा दारामागच्या खुंटीला, अंधारातही हात जाईल अशा जागी ठेवावा.